रूबार्ब आणि निळ्या काठाचं भांडं

देविका नाबरच्या घरून कुणाचं भांडं कधी रिकामं परत गेलेलं नाही. लीड्समध्ये येऊन तिला तीस-पस्तीस वर्षं झाली. तिने मराठी मंडळातली भांडणं पाहिली, हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर बसून यॉर्कशरच्या म्हाताऱ्यांशी हुज्जत घालायला ती शिकली, नवरा गेला, मुलगा बर्मिंगहॅमला जाऊन बँकेत साहेब झाला, गुडघे कुरकुरायला लागले. पण हा एक नेम चुकला नाही. कुणी डब्यातून काही आणलं, की डबा धुवायचा, पुसायचा आणि परत देताना त्यात काहीतरी घालायचं. घरात काहीच नसेल तर निदान मूठभर साखर. हे तिला कुणी बसवून शिकवलं नव्हतं. आईला करताना पाहिलं आणि हाताला लागलं.

अशा बाईला शेजारीण मिळाली ती मॉरीन. हिच्या घराला तिचं घर चिकटलेलं, मागच्या दोन बागांच्या मध्ये एक लाकडी कुंपण, आणि त्या कुंपणाची एक फळी कायमची सैल. देविकाने नवं घर घेतल्यावर पहिल्याच एप्रिलमध्ये मॉरीन दारात उभी राहिली. हातात निळ्या काठाचं पांढरं एनॅमलचं भांडं, वर टॉवेल. आत तळाला गुलाबी, आंबटगोड, शिजून मऊ झालेल्या फोडी आणि त्यावर खरपूस भाजलेला भुगा. तिच्या बागेतल्या रूबार्बचं क्रंबल. देविकाचा नवरा संजय म्हणजे गोड दिसलं की वय विसरणारा माणूस. त्याने अर्धं भांडं उभ्याउभ्याच संपवलं आणि या देशात आल्यापासून पहिल्यांदाच इंग्रजांबद्दल दोन बरे शब्द काढले.

देविकाने भांडं धुतलं आणि त्यात बेसनाचे लाडू घालून कुंपणापलीकडे दिलं. तिच्या मते विषय संपला.

विषय संपला नाही. चार दिवसांनी तेच भांडं स्कोन, म्हणजे चहाबरोबरचे गोडसर छोटे पाव, घेऊन परत आलं. आता काय करणार? देविकाने चिवडा दिला. चिवडा गेला, जॅम आला. जॅमच्या बदल्यात करंज्या गेल्या, करंज्यांच्या बदल्यात ॲपल पाय आला. देविकाला वाटलं, या लोकांत अशीच रीत असणार, आपण मधेच थांबलो तर वाईट दिसेल. पलीकडे मॉरीनलाही नेमकं हेच वाटत होतं. दोघी सभ्य, दोघी हट्टी, त्यामुळे कुणी कुणाला विचारलं नाही आणि भांडं तीस वर्षं कुंपणावरून ये-जा करत राहिलं. मधे मुलं मोठी झाली, गाड्या बदलल्या, मॉरीनचा नवरा गेला, मग संजय गेला. संजय गेला तेव्हा दुसऱ्याच दिवशी मॉरीनने क्रंबल आणून ठेवलं आणि बाजूला बसून राहिली. घरात सुतक, चूल पेटलेली नाही. तरी देविकाने ते भांडं परत करताना त्यात चार संत्री घातली. तिला स्वतःलाही नंतर याचं आश्चर्य वाटलं.

रूबार्ब ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हा आंबटचुक्याच्या भाऊबंदांतला. सेलरीसारखे लांब, लालचुटूक दांडे आणि वर छत्रीएवढी पानं. खायचे ते फक्त दांडे, पानं विषारी. हे देविकाला ठाऊक नव्हतं तेव्हा, म्हणजे पहिल्याच वर्षी, ती पानं बघून तिच्या डोळ्यांसमोर अळूवड्या तरळल्या होत्या. बेसन भिजवूनही झालं होतं. कुंपणावरून मॉरीनने ते पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच, परवानगी न मागता दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरून तिच्या हातातली पानं काढून घेतली. पुढे देविकाने दांड्यांचा मेथांबा केला, तो मात्र दोन्ही घरांत चालला. मॉरीन तो चीझ-टोस्टवर घालून खायची. संजयला हे बघवत नसे.

तर यंदाची गोष्ट. मॉरीनने घर विकलं. ऐंशी उलटली, जिना चढवेना, मुलगा स्कारबरोला समुद्राजवळ राहतो, त्याच्या घराशेजारी तिला एक छोटा फ्लॅट मिळाला. त्यातच सामान बांधताना ती स्टुलावरून पडली आणि उजवं मनगट मोडून बसली. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी तिचा ट्रक येणार होता.

आणि भांडं होतं देविकाकडे. नाताळात त्यातून सुक्या मेव्याचे मिन्स पाय आले होते, ते तेव्हाच संपले. संक्रांतीला तिळाचे लाडू घालून भांडं परत जायला हवं होतं. पण तेवढ्यात पलीकडच्या बागेत घर विकायची पाटी लागली आणि देविकाचा हात आखडला. लाडू झाले, खाल्ले गेले, भांडं तिथेच. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. भांडं इतकं कधी अडकलं नव्हतं. मॉरीनने एका शब्दाने विचारलं नाही. खरी गोष्ट अशी होती की देविकाला भीती वाटत होती. आता भांडं भरून दिलं की मॉरीन ते घेऊन जाणार, आणि मग कुंपणापलीकडे कोण? कुणीतरी नवं जोडपं येणार, म्हणे. ते सगळं जेवण फोनवरून मागवणार.

पण दुसऱ्याचं भांडं ठेवून घेणं हेही तिच्या स्वभावात नव्हतं. ट्रक यायच्या आठवड्यात तिने ठरवलं, भांडं जाईल आणि भरून जाईल. पण लाडू नाही, चिवडा नाही, क्रंबल. तीस वर्षं मॉरीनने खाऊ घातलं, एकदा तरी आपण केलेलं तिने खावं. रूबार्ब मॉरीनच्याच बागेतला. तिनेच सांगून ठेवलं होतं की माझ्या हाताला प्लास्टर आहे, तूच ओढून घे. देविकाने सैल फळी सरकवली, दांडा बुडाशी धरला, जरा पीळ देऊन ओढला. कापायचा नसतो, हे तिला केव्हाचं माहीत होतं. पानं तोडून कंपोस्टमध्ये टाकली, बोटभर लांबीचे तुकडे केले, त्यांवर साखर आणि संत्र्याची थोडी साल किसून घातली. इथपर्यंत सगळं छान झालं.

घोटाळा वरच्या भुग्यात होता. मैदा, गार बटर, साखर, मूठभर ओट्स. बटर मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळायचं, भुगा झाला की थांबायचं. एवढंच. कुठलीही इंग्रज पोर शाळेत हे शिकते. देविका चोळायला लागली आणि बर्मिंगहॅमहून नकुलचा फोन आला.

"आई, तू एवढा स्ट्रेस का घेते?" नकुल म्हणाला. "सुपरमार्केटचा क्रंबल आण, तिच्या भांड्यात ट्रान्सफर कर. शी वोन्ट नो."

देविकाने त्याला जेवलास का विचारलं. दुपारी चार वाजता ती हे विचारते तेव्हा राग नाकावर आलेला असतो, हे नकुललाही कळतं, त्यामुळे त्याने आपण होऊन फोन ठेवला. देविकाने खाली पाहिलं. परातीत भुगा नव्हता. परातीत एक गुळगुळीत, टुमटुमीत गोळा होता. वर तेलाचं बोट फिरवलेलं, आणि बाजूला झाकायला वाडगाही काढून ठेवलेला. हे सगळं तिनेच केलं होतं, आणि कधी केलं ते तिला आठवत नव्हतं.

यात तिचा दोष काय? चाळीस वर्षं रोज संध्याकाळी जो हात कणीक मळतो, त्याला पिठाबद्दल स्वतःची मतं असतात. पीठ विस्कटलेलं दिसलं की तो गोळा करतो. त्यातून देविकाचे हात उबदार. मंडळातल्या बायका तिच्या पुरणपोळीच्या कणकेचं कौतुक करायच्या ते याच हातांमुळे. त्या उबेने गार बटर विरघळलं आणि पाण्याचा थेंबही न घालता कणीक तयार. तिने तरी तोच गोळा थापून रूबार्बवर पसरला आणि भाजला. ओव्हनमधून जे बाहेर आलं ते बाथरूममध्ये फरशी म्हणून बसवता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. यावेळी फोन बंद, रेडिओ बंद, हात थंड पाण्यात बुडवून पुसलेले. तिने मनाशी म्हणायला सुरुवात केली, मळायचं नाही, मळायचं नाही. दोन मिनिटं बरी गेली. मग मॉरीन गेल्यावर सकाळी बागेतून हात कुणाला करायचा हा विचार मनात आला, आणि विचार संपला तेव्हा गोळा तयार होता. मिक्सरमध्ये फिरवलं असतं तर झालं असतं, हे तुम्हाला-मला लगेच सुचतं. देविकालाही सुचलं होतं. पण मॉरीनने सगळं आयुष्य जे हाताने केलं, ते आपण बटण दाबून परत करायचं, हे तिला पटेना. मिक्सर नाही म्हणजे नाही.

गुरुवारी संध्याकाळी तिसरी फरशी ओव्हनमधून निघाली आणि नेमकी तेव्हाच मागच्या दारातून मॉरीन आत आली. गळ्यात झोळी, झोळीत प्लास्टरमधला हात, नाक पुढे. तीस वर्षं ज्या वासाची मालकी तिच्याकडे होती तो वास कुंपणापलीकडून येतोय म्हटल्यावर ती घरात कशी बसेल? देविकाने घाईघाईने ट्रेवर ताट पालथं घातलं. मॉरीनने डाव्या हाताने ताट उचललं आणि खाली वाकून पाहिलं.

"हे काय आहे, लव्ह?" यॉर्कशरमध्ये कुणालाही असंच, लाडाने लव्ह म्हणतात.

"बिस्किट," देविका म्हणाली.

मॉरीनने एक तुकडा तोडायचा प्रयत्न केला, तो तुटला नाही, आणि मग तिला हसू आवरेना. झोळीतला हात दुखायला लागला तरी ती हसत होती. देविका आधी चिडली, मग खुर्चीत बसली, मग तीही हसायला लागली. हसता हसता तिने सगळं सांगून टाकलं: गोळ्याचं, हाताचं, चाळीस वर्षांच्या कणकेचं. मॉरीनने तिचे दोन्ही तळवे डाव्या हाताने चाचपून पाहिले आणि निदान केलं. तुझे हात गरम आहेत. माझे कायम बर्फ. नवरा कधी हात धरायचा नाही, पण पेस्ट्री मात्र छान व्हायची.

मग तिने देविकाला मैदा आणि बटर पुन्हा काढायला लावलं आणि स्वतः खुर्ची ओढून परातीपाशी बसली.

"एकच हात घाल," ती म्हणाली. "दुसरा मी घालते."

अशा रीतीने एका परातीत दोन बायकांचा एकेक हात गेला, देविकाचा उजवा आणि मॉरीनचा डावा. देविकाचा हात सवयीने पीठ आपल्याकडे ओढू लागला की मॉरीनची थंड बोटं मधे यायची. मळायला दोन हात लागतात, निदान एक मोकळा हात आणि पूर्ण परात तरी लागते. इथे दर वेळी दुसरं कुणीतरी वाटेत. मॉरीन बोटांची टोकं वर उचलून पीठ खाली सोडत होती. देविका बघून तसं करायला लागली. करताना तिच्या लक्षात आलं की हे तिला येतं. करंजीच्या पिठाला मोहन चोळतो, ते हेच. फक्त त्यानंतर पाणी येतं आणि मळणं येतं, म्हणून हात पुढे धावतो. इथे मोहनापाशी थांबायचं. आयुष्यभर जी पायरी फक्त ओलांडली, तिच्यावर बसून राहायचं. भुगा झाला. मोकळा, बोटांतून झरणारा, पिवळसर भुगा. देविकाने हात बाहेर काढून मागे घेतला आणि साडीला नव्हे, ॲप्रनला पुसला, कारण मॉरीन बघत होती.

निळ्या काठाचं भांडं ओव्हनमध्ये गेलं आणि दोघी त्याच्या काचेसमोर बसल्या. तेव्हा मॉरीनने विचारलं की ही भांडं भरून द्यायची तुमची पद्धत नेमकी काय आहे, कारण पहिल्या वर्षी ते लाडू आले तेव्हा आपण फार गोंधळलो होतो. नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, बहुतेक या लोकांत परतफेड केली नाही तर अपमान होतो. म्हणून स्कोन केले.

देविका तिच्याकडे वळली. "आमच्यात रिकामं भांडं परत देत नाहीत, एवढंच," ती म्हणाली. "मी लाडू दिले, तिथे संपलं होतं. तू थांबायला हवं होतंस."

"तीस वर्षं मी तुला चुकून केक खाऊ घालत होते?"

"आणि मी तुला चुकून चकल्या."

मॉरीनने मग सांगितलं की चकल्या तिच्या दातांना झेपत नाहीत, निदान गेली दहा वर्षं. पण तिचा कुत्रा होता तोवर प्रश्न नव्हता. देविकाला वाईट वाटायला हवं होतं, पण ओव्हनच्या उजेडात तिच्या तोंडून वेगळंच निघालं. ती म्हणाली, "भांडं दिलं की संपेल, म्हणून जानेवारीपासून देत नव्हते."

यॉर्कशरची माणसं अशा वेळी हवामानाबद्दल तरी बोलतात नाहीतर स्वयंपाकाबद्दल. मॉरीनने काचेतून आत पाहिलं आणि म्हणाली की कडेने गुलाबी रस उकळून वर आला की काढायचं, त्याआधी नाही. मग तिने डावा हात देविकाच्या मांडीवर ठेवला. तो खरंच बर्फासारखा होता. रस वर येईपर्यंत तो तिथेच राहिला.

क्रंबल छान झालं. देविकाने शेवटच्या क्षणी भुग्यात वेलदोड्याची पूड घातली होती, ती मॉरीनच्या पहिल्याच घासात पकडली गेली. तिने भुवया उंचावल्या आणि दुसरा चमचा घेतला. उरलेलं भांड्यासकट ती घेऊन गेली. अर्धं भरलेलं का होईना, भांडं परत गेलं. देविकाने सैल फळी सरळ केली. झोपेपर्यंत तिला कशातच राम वाटला नाही.

शनिवारी सकाळी ट्रक आला. मॉरीनचा मुलगा आणि दोन तगडे गडी सोफा, कपाट, कपाटातली घरच्या माणसांची छायाचित्रं असं सगळं घेऊन आत-बाहेर करत होते. देविका पुढच्या दारात चहाचे कप घेऊन उभी होती. चहा बनवणं सोपं. मॉरीनकडे बघणं तिला जमत नव्हतं. शेवटी मॉरीनच तिच्यासमोर आली, पोटाशी काहीतरी धरून. निळ्या काठाचं भांडं. त्यात ओली काळी माती, आणि मातीत एक गाठाळ, तपकिरी गड्डा, ज्याला करंगळीच्या पेराएवढे दोन-तीन लाल कोंब आले होते.

तिने सांगितलं की हा आपल्या रूबार्बचाच गड्डा. घर विकायचं ठरलं तेव्हाच, नोव्हेंबरात, मुलाकडून फोडून घेतला आणि शेडमागे कुंडीत जपला. म्हणजे देविका भांडं लपवून बसली होती ते सगळे महिने पलीकडे ही बाई त्या भांड्यात काय घालायचं ते वाढवत होती. देविकाला हे समजायला एक क्षण लागला. मग तिने चहाचे कप खाली ठेवले.

"यंदा एकही दांडा ओढायचा नाही," मॉरीन म्हणाली. "मुळं धरू देत. पहिल्या वर्षी ओढलास तर मरेल. पुढच्या एप्रिलमध्ये थोडा मिळेल, एका क्रंबलपुरता. तेव्हा मी ट्रेनने येईन, भांडं न्यायला. ते माझं आहे, लव्ह. मला परत हवं."

"रिकामं नाही मिळणार," देविका म्हणाली.

"माहीत आहे मला. म्हणून तर तुझ्याकडे ठेवतेय."

ट्रक गेला. देविका त्या दिवशी रडली, हे लपवण्यात अर्थ नाही. मॉरीनही गाडीत रडली असेल, पण तिच्याकडून ते कुणी वदवून घेऊ शकणार नाही. दुपारी देविकाने कुंपणालगत खड्डा केला आणि गड्डा लावला, लाल कोंब वर ठेवून.

जूनमध्ये नकुल भेटायला आला तेव्हा तिथे चांगले सहा-सात दांडे उभे होते, लाल आणि जाडजूड, आणि वर मोठाली पानं. पलीकडच्या नव्या जोडप्याने कुंपणाला रंग दिला होता, पण सैल फळी तशीच होती. देविकाने ती त्यांना दाखवली नव्हती. नकुल म्हणाला, "वॉव आई, तुझी रूबार्ब मस्त झाला," आणि वाकून एक दांडा धरला.

देविकाने त्याच्या हातावर चापट मारली. गेले दोन महिने ती स्वतःच्याही हाताला असंच बजावत होती. रोज सकाळी पाणी घालायला यायची, बोटं दांड्यापाशी जायची, आणि तिथून ती मागे घ्यायची. आता ते जमत होतं.

"मॉरीन येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली, आणि त्याला जेवायला आत घेऊन गेली. ओट्यावर निळ्या काठाचं भांडं धुऊन, पुसून, पालथं घालून ठेवलेलं होतं.